शेऱ्याचा रकाना

मी फॉर्म बोलतोय. कागदाचा नव्हे हो, संगणकाच्या पडद्यावरचा. चिंचवडच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत चाकण पट्ट्यातल्या सहाशे विहिरींची माहिती साठवलीय, ती माझ्यातूनच आत जाते. सहा वर्षं झाली, दमलोय. शुक्रवारी मला बंद करणार आहेत, म्हणून आज बोलून घेतो.

मला घडवलं सुखदानं. पोरगी हुशार, पण भारी घाईची. "इतका सोपा करते की कुणाला शिकवायलाच नको," असं साहेबांना सांगून तिनं मला तीन आठवड्यांत उभा केला. मोठी अक्षरं, मराठी नावं, विहीर निवडली की नकाशावर ठिपका. देखणा होतो, खोटं कशाला बोलू? फक्त प्रत्येक रकान्यापुढे तिनं लाल चांदणी ठोकली. तो रकाना भरल्याशिवाय मी पुढं सरकायचंच नाही. मला रोज भरणार होत्या कुसुमताई, त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

कुसुमताई मूळच्या बीडकडच्या. आता आकुर्डीत राहतात आणि बावीस वर्षं पाण्याचे नमुने तपासतात. टाइप करतात एका बोटानं आणि भांडतात माझ्याशी. "अरे बाबा, घे की आता! किती छळशील?" नेट गेलं तरी शिव्या मलाच. सवय झाली.

एका सोमवारी नायट्रेट मोजायचं यंत्र बिघडलं. ताईंनी तो रकाना रिकामा ठेवला, मी अडून बसलो. तीनदा. शेवटी वैतागून त्यांनी ९९ लिहिलं. कागदी रजिस्टरच्या काळापासून तिथला रिवाजच होता, ९९ म्हणजे मोजलं नाही. सगळ्यांना ठाऊक, पण मला कुणी सांगितलं होतं? पंचेचाळीसच्या वर गेलं की पाणी पिऊ नये, एवढंच मला शिकवलेलं. मी मुकाट्यानं ती विहीर लाल केली.

विहीर क्रमांक २१४, चाकणजवळच्या उद्धवरावांची. शेजारच्या खोल्यांत कंपन्यांतले कामगार राहतात. वीस-पंचवीस घरं तिचंच पाणी प्यायची. ग्रामपंचायतीनं नकाशा पाहून फलक लावला, अन् आठवड्यात हंडा घेऊन कुणी फिरकेना. म्हातारा थेट प्रयोगशाळेत आला.

"माज्या आज्यानं खांदलेली हीर हाय ती. पानी खराब आसंल तर मीच बुजवतो. पर खरं सांगा, मोजलंय का तुमी?"

साहेबांनी वळून पाहिलं. "कुसुमताई, खोटी नोंद केलीत?"

"खोटी नाही हो सर. ९९ म्हणजे..." मला तोंड असतं तर ओरडलो असतो, बाईंना कशाला बोलता, चांदणीला बोला! फार लाज वाटली मला.

त्याच दुपारी ताई बस धरून गेल्या, नमुना घेऊन आल्या आणि यंत्र दुरुस्त होताच तपासला. अठरा. मी ठिपका हिरवा केला. मग सुखदा आली आणि पहिल्यांदाच दिवसभर ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसली. "हे मी आधीच करायला हवं होतं, ताई," म्हणाली. चांदण्या काढल्या, ‘मोजलं नाही’ असं एक बटण दिलं. जुनी नोंद खोडायची नाही हा इथला नियम, म्हणून ९९ तसाच राहिला. खुलासा करायला खाली शेऱ्याचा रकाना दिला.

फलक निघाला, तरी दोनच घरं परतली. उद्धवराव अजून फोन करतात, "कुनी इचारलं तर सांगाल न्हवं?" ताई म्हणतात, "सांगेन की, काका."

सुखदा आता दुसरीकडं नोकरीला आहे. नवा फॉर्म सुजित बनवतोय. काल त्यानं आम्हां दोघांना शेजारी-शेजारी उघडलं होतं. अरे देवा, चांदण्या परत आल्यात! त्यात भर म्हणजे विहिरीचा रंग ठरणार आजवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून. माझे आकडे सगळे तिकडे जाणार, तो ९९सुद्धा. शेरे जाणार नाहीत. "ते कोण वाचतं?" म्हणाला.

सुजित, मला खुशाल बंद कर. पण आधी एक दिवस ताईंच्या शेजारी बस बाबा. आणि विहीर क्रमांक २१४ चा शेरा तेवढा वाच. एका बोटानं लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली होती:

"९९ हे मोजमाप नाही. चूक आमची, विहिरीची नाही. पाणी मी स्वतः प्याले आहे."