आवाजातला फरक

सोमाने दुसऱ्या स्पीकरची वायर स्टीरिओच्या पाठीमागे खोचली आणि यशोदाबाईंना समोर बसवलं. कुवेतहून सुट्टीवर कळवणला जाताना तो मुद्दाम नाशकात उतरला होता. त्यांच्या भिकनने आईसाठी घेतलेला जपानी स्टीरिओ द्वारका चौकाजवळच्या या घरी पोचवायचा होता.

"चार महिने ओव्हरटाइम केला त्याने, मावशी. म्हणाला, आईला माझा आवाज समोर बसल्यासारखा आला पाहिजे."

यशोदाबाईंना वाचता येत नव्हतं. तीन वर्षं भिकन पत्राऐवजी कॅसेट पाठवी आणि त्या शेजारच्यांच्या छोट्या टेपवर ऐकत. शेवटची कॅसेट तर त्यांना पाठ होती. तीच त्यांनी सोमाच्या हातात दिली.

"आई, मी मजेत आहे. कंपनीने स्वतंत्र खोली दिलीय. एसी आहे..."

आवाज खरंच समोरून आला. किंचित घोगरा, अगदी त्याचा. यशोदाबाईंनी हात पुढे करून स्पीकरच्या जाळीला लावला आणि त्या तिथेच थबकल्या. भिकनच्या मागे कुणीतरी खोकत होतं. लोखंडी पलंग करकरला. पंखा खडखडत होता.

"जल्दी कर भाई, सोना है," कुणीतरी वैतागून म्हणालं. भिकन घाईने पुढे बोलू लागला, जेवण चांगलं मिळतं म्हणून.

शेजारच्या टेपवर यातलं काही कधी ऐकू आलं नव्हतं.

सोमाने आवाज कमी करायला हात नेला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

कॅसेट संपली.

"एका खोलीत किती जण राहता रे?"

सोमा उरलेली वायर गुंडाळत राहिला.

"अकरा. मी सांगितलं म्हणू नका, मावशी."

यशोदाबाईंनी मान हलवली. मग त्याला कोरी कॅसेट घालून स्टीरिओसोबतचा माइक लावायला सांगून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"भिकन, मशीन पोचलं बाळा. दिसायला झकास आहे. पण आवाजात काही फरक नाही बघ, शेजारच्या टेपसारखाच येतो. आता असल्या वस्तू घेऊ नकोस. तू ये."

सोमा रेकॉर्डिंग बंद करायला वाकला. त्यांनी त्याला खुणेनेच थांबवलं, उठून दार सताड उघडलं आणि माइक उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला. बाहेर नळावर बायका बोलत होत्या. मेथीवाली ओरडत गल्लीतून गेली. टेप फिरत राहिली.