सात जागांचा हातमोजा

मी हातमोजा बोलतोय. थंडीतला लोकरीचा नव्हे. बेसबॉलचा, चामड्याचा, डाव्या हाताचा. कारखान्यातून आलो तेव्हा फळीसारखा ताठ होतो. वेंडेल हूपरने मला तेल चोपडलं, पोटात चेंडू कोंबला, पट्ट्याने आवळलं आणि गादीखाली घालून वर बायकोसकट आठवडाभर झोपला. इतके लाड तुमचे कुणी केले नसतील, तर तुम्ही सुखी आहात.

वेंडेल म्हणजे आमच्या ओहायोच्या संघाचा सगळीकडे चालणारा खेळाडू. कुणाचा गुडघा सुजला, कुणाची बायको बाळंत झाली, की वेंडेलला हाक. आज दुसऱ्या बेसवर, उद्या तिसऱ्या, परवा पार कुंपणापाशी. अकरा वर्षांत तो सात जागी खेळला. त्यातली एकही त्याची नव्हती. पेपरवाले त्याला मोलाचा म्हणायचे आणि फोटो दुसऱ्याचा छापायचे. उरलेला वेळ बाकड्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या, टरफलं थुंकायची. त्या कामात मात्र त्याची जागा पक्की होती.

त्याची बायको नोरीन प्रत्येक सामना बोटांच्या फटीतून बघायची. चेंडू नवऱ्याच्या तोंडावर बसेल, ही तिची धास्ती. फोनवर पहिला प्रश्न, दात आहेत ना सगळे? सामना जिंकला का, ते नंतर, आठवलं तर.

वेंडेल चौतीस वर्षांचा झाला आणि ॲरिझोनाच्या सराव शिबिरात कळलं की संघात एकच जागा उरलीय. तिच्यासाठी दोघं: वेंडेल आणि बावीस वर्षांचा लँडन प्रूइट. फैसला शुक्रवारच्या सामन्यानंतर. वेंडेलला अजून फक्त एक वर्ष खेळायचं होतं. दरवर्षी एकच मागायचा, हावरट नव्हता.

लँडन त्याला सगळ्यांसमोर काका म्हणायचा. "काका, तेल मोज्यालाच संपवलंत वाटतं. गुडघे करकरतायत."

पोराचे हात चपळ, पण पाय शिशाचे. चेंडू जवळ येईपर्यंत टाचांवर उभा, त्यामुळे सरपटी चेंडूला हमखास उशीर. वेंडेलने गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण बुधवारी त्याला राहवलं नाही.

"खांबासारखा काय रोवून घेतलास स्वतःला? बॅट हलली की बारकी उडी मार. चेंडू काय पाहुणा आहे, दाराशी वाट बघायला?"

"मला कशाला शिकवताय?" लँडनने संशयाने विचारलं.

"बघवत नाही म्हणून."

मग दोन दिवस त्याने त्या पोराला चेंडू मारमारून दमवलं. फोनवर नोरीनला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला संघात राहायचंय ना? मग त्याला डबा भरून कशाला देतोयस?"

ह्याने दात सगळे आहेत म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी शेवटच्या डावात चेंडू सुसाट सरपटत आला. लँडनने बारकी उडी मारली, आडवा पडून चेंडू अडवला, गुडघ्यांवरूनच फेकला. धावणारा बाद. सगळं बाकडं उठून उभं राहिलं, सर्वांत आधी आमचा शहाणा. टाळ्याही त्याने माझ्यावरच बडवल्या.

व्यवस्थापक ऑर्विल टेटने त्याला खोलीत बोलावलं. गोड बोलणं टेटला झेपत नसे. "हूपर, तुझं खेळणं संपलं," तो म्हणाला. "पोराचे पाय कुणी हलवले ते मी पाहिलंय. सोमवारपासून शिकवायला ये."

वेंडेलने मला काखेत घट्ट धरलं आणि विचारलं, मोजा आणू का. टेट म्हणाला, सरावाला आण. सामन्यात प्रशिक्षकाने मोजा घालायचा नाही, नियम आहे. नोरीनने फोनवर देवाचे आभार मानले आणि मग नवऱ्यासाठी रडली.

त्याला सहा वर्षं झाली. माझ्या वाद्या दोनदा बदलल्या, तळवा पापडासारखा पातळ झालाय. वेंडेलचं पोट सुटलंय. लँडन पेपरवाल्यांना सांगतो की पायांची चपळाई त्याला उपजतच आहे.

सामना सुरू झाला की वेंडेल बाकड्याच्या टोकाला बसतो, मांडीवर जाकीट पसरतो आणि त्याखाली मला गुपचूप हातात चढवतो. तिकडे बॅट हलली की ह्याच्या टाचा उचलल्या जातात आणि मी मिटतो, रिकामाच. मंडळी, एवढी विनंती आहे, त्याला कुणी नियम दाखवू नका. सहा वर्षांत आमच्या हातून एकही चेंडू सुटलेला नाही.