शिशीचा पाला

गोजाबाईंची अर्धशिशी निघोज्यात सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिच्यावरचा त्यांचा पालाही. बांधावर उगवणारं ते साधं झुडूप. गावात त्याला शिशीचा पाला म्हणत. डोकं ठणकायला लागलं की गोजाबाई तो वाटून कपाळावर थापायच्या.

त्यांची सून दीपमाला चाकणजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. वनस्पतींचे अर्क काढायचे आणि अर्धशिशीवर त्यांतला कुठला चालतो का ते तपासायचं, हेच तिचं काम. तेरा अर्क नापास झाले होते. चौदावा तिनं साहेबांना विचारून सासूच्या पाल्याचा लावला.

तोही नापास झाला. दोन दिवस तिनं घरी पाल्याचा विषय टाळला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता गोजाबाईंनीच विचारलं, "काय म्हणतोय माझा पाला?"

"आत्या, पेशींवर काही परिणाम दिसला नाही."

"पेशी म्हंजी?"

"काचेच्या बशीत वाढवतो आम्ही. नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"मग त्यांचं डोकं दुखतं व्हय?" गोजाबाईंनी भाकरी उलटली. "माझं दुखतंय. माझ्यावर तपास."

दीपमालाला हसू आलं, पण मुद्दा बिनतोड होता. तिनं पाला वाळवून त्याच्या बारा पुड्या बांधल्या आणि तशाच बारा मेथीच्या पाल्याच्या. वास सारखा यावा म्हणून दोन्हींत थोडा ओवा कुटून घातला. सगळ्या मिसळून त्यांवर आकडे टाकले. कुठला आकडा कशाचा, ती यादी एकट्या सासऱ्यांच्या, दौलतरावांच्या हाती. डोकं दुखलं की त्यांनी ओळीनं पुढची पुडी द्यायची, गोजाबाईंनी लेप लावायचा आणि वहीत लिहायचं: तारीख, किती तास दुखलं, सकाळपासून काय खाल्लं. फारच झालं तर डॉक्टरांची गोळी घ्यायचीच.

चार महिन्यांनी दीपमालानं वही आणि यादी जुळवायला घेतली. अकरा पुड्या संपल्या होत्या. अकराही शिशीच्या पाल्याच्या. मेथीची एकही हललेली नव्हती.

"मामा, ओळीनं दिल्या ना?"

दौलतराव पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मापात केसाचाही फरक न खपवणारा माणूस. ते मान खाली घालून बसले.

"ती भिंतीला डोकं टेकून बसायची गं पोरी. मेथीची पुडी हातात घ्यायचो, पर द्यायला हातच व्हायचा न्हाई. चाळीस वर्सं बघतोय तिचं दुखणं. तिला खोटी कशी देऊ?"

प्रयोगशाळेत हे कुणी केलं असतं, तर दीपमालानं सगळी नोंद टोपलीत टाकली असती. इथं तिच्याच्यानं रागावणंही झालं नाही.

दारातून गोजाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "मुलखाचं लबाड माणूस! अन् मी येडी दर येळी देवाला इनवतीय, आज तरी खरी पुडी निघू दे." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसणं थांबलं. "म्हंजी दर येळी खराच पाला व्हता. तरी सांजपातुर ठणका ऱ्हायलाच की."

दीपमाला पुन्हा वही चाळू लागली. गोजाबाईंच्या चौथीपर्यंतच्या अक्षरात खाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: काय न्हाई, संकष्टी. काय न्हाई, शनवार. च्या फक्त. अकरापैकी नऊ वेळा पोट रिकामं! उपाशी पोटी अर्धशिशी उठते हे तिला पुस्तकातून पाठ होतं. अर्कांच्या मागं लागून घरातल्या उपासांकडं बघायचंच राहिलं होतं.

"आत्या, उपास करा, पण कडक नको. मधूनमधून फराळ करायचा. आणि उद्या आपण डॉक्टरांकडं जाऊ."

"चाळीस वर्सांचा नेम हाय. गणपती रागवंल."

"त्याच्यापुढं लाडूच ठेवतो ना आपण?" दौलतराव हळूच म्हणाले.

पुढच्या संकष्टीला अकराच्या ठोक्याला ते राजगिऱ्याचा लाडू घेऊन गोजाबाईंसमोर उभे राहिले. गोजाबाईंनी देवघराकडं एकदा बघितलं, लाडू मोडला आणि अर्धा दौलतरावांच्याच हातावर ठेवला. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. नंतरच्या दोन महिन्यांत मिळून दोनदाच दुखलं.