भरलेलं घर

“झाकणावरचा हात काढा, काका.”

घड्याळजींनी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा ते न सुचून पाठीशी धरला. मधपेटीच्या फटीतून माश्यांची ये-जा चालू होती. बिघडलेली वस्तू उघडून बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने पेटी न उघडता शिकायचं म्हणजे शिक्षाच होती.

“उघडल्याशिवाय आतलं कळणार कसं?”

“दारात बसून. काय आणतायत, कशा उतरतायत, ते बघायचं. आपण सारखं डोकावलं की त्यांना घर पुन्हा उबदार करत बसावं लागतं.”

ती मधमाश्यांबद्दलच बोलत होती. तरी त्यांची मान खाली गेली.

एके काळी ती त्यांची सून होती आणि त्यांना बाबा म्हणायची. घटस्फोटानंतर तिने गावाबाहेर ही बाग घेतली आणि सुट्टीच्या दिवशी माश्या पाळायला शिकवू लागली. ते शिकायला म्हणून आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “या काका. पुढच्या वेळी बूट घालून या.” बाकीचे शिकाऊ दोन-चार डंखांतच गळाले. घड्याळजी येत राहिले. त्यांना माफी मागायची होती, पण तोंडाशी आलेलं दर वेळी गिळून ते परत जात.

मध काढायच्या दिवशी त्यांनी पिशवीभर बरण्या धुऊन आणल्या. तिने कडेचं एकच पोळं कापलं.

“बस? एवढंच?”

“बाकीचा त्यांचा. थंडीत खातील काय?”

“साखरेचा पाक घालतात म्हणे.”

“घालतात. मी नाही घालत.”

रिकाम्या बरण्या वाटभर खुळखुळत राहिल्या.

थंडीत पेटीला कान लावून बसायचं, एवढंच काम होतं. आतून बारीक, एकसुरी गुणगुण यायची. एकदा धीर करून त्यांनी सुरुवात केली, “मी तेव्हा तुझ्याशी...”

“बोलताना ऐकू येत नाही, काका,” ती म्हणाली.

मग झाडं फुलली. एका दुपारी पेटीतून माश्यांचा लोंढाच बाहेर पडला आणि आभाळात भोवऱ्यासारखा फिरू लागला. घड्याळजींची पाचावर धारण बसली.

“अगं, पळाल्या सगळ्या!”

“पळाल्या नाहीत. निघाल्या.” तिने शांतपणे टोपली उचलली. “घर भरलं की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. पोळी, मध, सगळं नव्या राणीसाठी ठेवून.”

“जुनी जाते?”

“जुनीच. तिला थांबवायला लोक तिचे पंख कापतात. मला नाही ते पटत.”

थवा एका फांदीला लोंबला. त्यांनी फांदी वाकवून धरली, तिने खाली टोपली धरली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. इतक्या जवळ ते दोघं त्या घरातही कधी उभे राहिले नव्हते. तिच्या कपाटांत, तिच्या डब्यांत, तिच्या बोलण्यात मात्र त्यांचं लक्ष सतत असे.

“तू एकदा विचारलं होतंस,” ते म्हणाले, “दुकानामागच्या खोलीचं.”

ती खोली मोठी होती, उजेडाची होती. तुम्ही तिथे राहाल का, वरचं घर आम्हा दोघांना द्याल का, असं तिने साध्या शब्दांत विचारलं होतं. त्यांनी अबोला धरला. मुलगा बापासमोर ब्र काढू शकला नाही. वर्षाच्या आत ती निघून गेली.

तिने टोपली सावरली.

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “हं, आता झटका द्या फांदीला.”

संध्याकाळी घड्याळजी जिना चढून वर आले. मुलगा ताटं मांडत होता. हात न धुताच ते पाटाशी उभे राहिले.

“मी दुकानामागच्या खोलीत राहायला जावं म्हणतो. वरचं घर तुला.”

मुलाने मान वर केली. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झालेले त्यांना आज दिसले.

“आता कशाला, बाबा?” तो म्हणाला. “दोघंच तर आहोत आपण.”

आणि नेहमीप्रमाणे त्याने आधी त्यांना वाढलं.