सहा वर्षांची पावती

नवरा ट्रकखाली गेला, तेव्हापासून एरंडोलजवळच्या खेड्यातली धुरपदाबाई निराधार योजनेच्या महिना शंभर रुपयांवर जगत होती. गावात त्याला पगार म्हणायचे. यंदा कोर्टाने नवऱ्याच्या मरणाची भरपाई दिली, पंधरा हजार. पण बाई अडाणी, कोणीही लुबाडेल, म्हणून रक्कम सहा वर्षांसाठी बँकेत अडकवून टाकली. बँकेने दिलेली ठेवीची पावती धुरपदाबाईने विश्वासाने तलाठ्याकडूनच वाचून घेतली. त्याने वाचली, तिच्या हातचा चहा प्यायला आणि वर कळवून मोकळा झाला. पगार बंद!

आज ती दरवर्षीसारखा हयातीचा कागद घेऊन तहसील कचेरीत आली, तेव्हा तिला हे कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या नावावर पंधरा हजार आहेत," कारकून मान वर न करता म्हणाला. "आता तुम्ही निराधार कशा?"

"बँकवाला एक रुपया देस नही."

"कोर्टाचा हुकूम आहे. सहा वर्षांनी मिळतील की व्याजासकट."

"आनि तवलोंग?"

कारकुनाने पुढच्या माणसाला हाक मारली.

धुरपदाबाई जागची हलली नाही. आपण जिवंत आहोत, असं सांगणारा तो कागद तिने त्याच्या टेबलावर आपटला.

"लिखा भाऊ, ही बाई सहा वरीस काही न खाता जगस. अंगठा मी देस. खाले सही तुमी करा."