लेपमहाराज आणि वहिनीचा दंड

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर माझी वहिनी बसली होती आणि लेपमहाराज तिच्या दंडाला पंख्याने वारा घालत होते.

"ऑपरेशनने चरबी गेली, पण कातडी कुणी आवळायची? डॉक्टर फक्त गळा आवळतात! कातडी आवळतो आमचा लेप!"

लोंबणारा दंड खरंच गुळगुळीत दिसत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा सख्खा भाऊ हात जोडून उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर वहिनी हसत जिने चढू लागली होती. पण सैल कातडीची तिला लाज वाटे, पोटाच्या घडीखाली घामाने पुरळ उठे. मग हे महाराज भेटले. पहिली अट, डॉक्टरांच्या गोळ्या बंद! आता केस मुठीने गळत होते, अंगाची सालपटं निघत होती. महाराज म्हणत, "विष बाहेर पडतंय." विष कसलं डोंबलाचं! ऑपरेशनने लहान केलेल्या पोटाला अन्नातून पुरेशी जीवनसत्त्वं मिळत नाहीत, म्हणून तर त्या गोळ्या असतात.

"मौन पाळा, ताई. हात हलवू नका. लेपाला राग येतो," महाराज वहिनीला बजावत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रागावणारा लेप माझ्या ऐकण्यात नव्हता. मी तडक वर चढले.

"वहिनी, कोपर वाकव."

"बाई, खाली उतरा!" महाराज ओरडले.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि कोपर वाकवलं. दंडावर तडे गेले, पापुद्रे सुटले. महाराजांच्या पेल्यातलं थोडं पाणी रुमालावर ओतून मी दंड पुसला. कातडी होती तशी लोंबली.

"अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी!" मी माइक ओढला. "वाळलं की ताणतं, हललं की तडकतं. म्हणून हात हलवायला बंदी. मी घरी स्वतःच्या हातावर करून पाहिलंय, तुम्हीही पाहा. पुरळावर औषध आहे, फारच त्रास झाला तर जादा कातडी डॉक्टर काढतात. पण गोळ्या सोडा म्हणणाऱ्याला आधी 'का' म्हणून विचारा!"

"श्रद्धा कमी पडली," महाराज पुटपुटले.

"श्रद्धा भरपूर होती, म्हणून तर केस गेले," वहिनी उठली. तिने हात उंच धरला. "लोंबतोय ना? लोंबू दे! याच हाताने मी आता जिन्यावरून पाण्याची बादली नेते. वन्सं, माझ्या गोळ्या आणल्यास?"

मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. महाराजांच्याच पेल्यातल्या उरलेल्या पाण्याबरोबर तिने सगळ्यांसमोर गोळी गिळली.