मिरचीच्या पथारीवरचं मुसकं

अभिमन मुकादम जळगावहून शिक्षण घेऊन दोंडाईच्याला परतला, तेव्हा त्याच्या काखेत पांढऱ्या कापडी मास्कचं गाठोडं होतं आणि पोटात भीती होती. गाठोडं सरकारनं दिलं होतं. भीती मात्र त्याची त्यानं स्वतःच मिळवली होती.

झालं असं, की कामगारांना कामातले धोके ओळखायला आणि आवरायला शिकवायचं म्हणून जळगावला दोन दिवसांचा वर्ग भरला होता. डाळमिलवाले, जिनिंगवाले, तेलघाणीवाले, सगळीकडचे मुकादम गोळा केले होते. सरांनी भिंतीवर फुप्फुसांचं चित्र टांगलं आणि विचारलं, तुमच्या कामात सगळ्यात मोठा धोका कोणता? डाळमिलचा मुकादम उठून म्हणाला, "शेठ." सर भला माणूस, तेही हसले. मग अभिमनची पाळी आली. तो म्हणाला, आमच्याकडे मिरची वाळवतात, बायका डेठं खुडतात, शिंका येतात, बाकी काही नाही. सरांनी विचारलं, सगळ्यात जुनी कामगार कोण, आणि तिला खोकला आहे का? अभिमन म्हणाला, "आहे. ती माझी माय आहे." सरांनी छडीचं टोक त्या चित्रातल्या फुप्फुसाच्या तळाशी नेऊन टेकवलं.

त्या दुपारी जेवणात भरीत होतं. जळगावात भरीत पुढ्यात येऊन माणसाच्या घशाखाली उतरत नाही, म्हणजे मामला साधा नाही हे कुणीही ओळखावं.

परत आला तर शेठजींनी वेगळंच ऐकवलं. येत्या आठवड्यात धुळ्याचे साहेब पथारी तपासायला येणार होते. शेठजी म्हणाले, "सगळ्या बायांची नाकं झाकलेली दिसली पाहिजेत. आणि जी म्हातारी ऐकणार नाही, खोकत बसेल, तिला घरी बसव. आपल्या पथारीवर नको ती ब्याद."

पथारीवर अशी म्हातारी एकच होती, ती म्हणजे भिकुबाई. अभिमनची माय. साठी उलटलेली, तीस हंगाम मिरचीत बसलेली, जिभेनं मिरचीहून तिखट. तिला घरी बसवणं सोपं नव्हतं. मागे तापानं आठ दिवस घरी होती, तर बोलायला कुणी नाही म्हणून कोंबड्यांशी भांडली. पथारीवरच्या गप्पा हेच तिचं टॉनिक. ती घरी बसली तर झुरेल आणि पथारीवर अशीच बसली तर खोकून मरेल, अशा कात्रीत अभिमन सापडला होता. काहीही करून तिचं नाक झाकायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मास्क वाटले. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, नजर जाईल तिथवर लाल मिरची पसरलेली, आणि कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये बायका घोळका करून डेठं खुडत होत्या. भिकुबाईनं मास्क उलटासुलटा करून पाहिला.

"हाई काय शे रे, अभिमन?"

"मास्क शे, माय. नाकवर बांधानं."

"खळामा बैलले बांधतस ते मुसकं शे हाई. बैलनी दाना खावाले नको म्हनीसन बांधतस. आम्ही काय आठे मिरच्या खातस का?"

घोळका खो खो हसला. हसता हसता ठसका लागला, आणि ठसक्यानं मिरचीची धूळ आणखी उडाली. मग काय, मुसकं हे नाव पडलं आणि मास्क निकालात निघाले. सुनंदाबाईनं स्वतःचा मास्क चहा गाळायला घेतला. कलाबाईनं दोन मास्क जोडून तान्ह्या पोराला टोपडं शिवलं, आणि ते झालंही छान. मुकादमाला आमची तोंडं बंद करायची आहेत, असं पथारीवर एकमत झालं.

अभिमननं सरांनी शिकवलेले बाकीचे उपाय काढले. वाऱ्याकडे पाठ करून बसा, तो म्हणाला. बायका समोरासमोर गोल बसलेल्या. सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ केली तर एकमेकींच्या पाठीशी बोलायचं का, असं भिकुबाईनं विचारलं. मग मिरचीवर पाणी शिंपडावं म्हणजे धूळ बसते, असं त्यानं शेठजींना सांगितलं. हा उपाय शेठजींना इतका आवडला, की अभिमनलाच लाज वाटली. ओली मिरची वजनाला जास्त भरते. त्यानं तो विषय तिथेच सोडला.

आणि अशात निंबाआबा अभिमनची भाकरी घेऊन आला.

निंबाआबा म्हणजे अभिमनचा काका, भिकुबाईचा धाकटा दीर. मिशा पांढऱ्या, डोक्याला भगवं पागोटं, कामाचं म्हणाल तर नाव नाही. पण गावातल्या झाडून साऱ्या सुनांना तो नात्यानं सासरा किंवा जेठ, म्हणजे थोरला दीर. आबा शेडच्या तोंडाशी आला मात्र, घोळक्यातल्या सगळ्या बायांनी पदर कपाळावरून ओढून हनुवटीपर्यंत आणला. एक कडा दातात धरली. सगळ्यांची नाकं झाकली, तोंडं झाकली, आणि आबा होता तोवर शेडमध्ये एक शिंक नाही की ठसका नाही. लुगड्याचा दुहेरी पदर म्हणजे सरकारी मास्कापेक्षा जाडच. अभिमनच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही आठे बठा."

"कितला येळ?"

"संध्याकाळलोंग."

आबाला आयुष्यात पहिल्यांदाच अंगाला शोभेल असं काम मिळालं. शेडच्या मधोमध बाज टाकली, आबा त्यावर मांडी घालून बसला, आणि पथारीवर आरोग्य नांदू लागलं. सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून कामही दुप्पट होऊ लागलं. बायका मात्र वैतागल्या. दिवसभर हातवाऱ्यांनी बोलून बोलून सुनंदाबाईचं मनगट दुखायला लागलं.

पण ज्या एका नाकासाठी हा सगळा खटाटोप, ते नाक उघडंच. दिरासमोर थोरली भावजय कशाला पदर घेईल? भिकुबाई उघड्या तोंडानं बसायची, खोकायची, आणि मधूनमधून आबाचीच टिंगल करायची.

"निंबा, तू बठेल शे का निजेल शे?"

"बठेल शे, वहिनी."

"मंग घोरस कसाले?"

अभिमननं तिला एकदा गयावया करून सांगितलं, माय, तू पण घे ना पदर. ती म्हणाली, "मी कोना समोर लेऊ? मना सासरा गया, जेठ गयात. माले पदर लेवासारखा आते कोनी उरना नही." हे ती तोऱ्यात म्हणाली खरी, पण पुढे खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी काढून थांबली. अभिमननं मान फिरवली. त्याला रडू येत होतं, आणि मुकादमानं पथारीवर रडायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी आबाच आडवा झाला. ज्यानं सगळ्यांची नाकं झाकली, त्याचं स्वतःचं नाक दिवसभर मिरचीच्या मधोमध उघडं होतं, ही गोष्ट दोन दिवस शिकून आलेल्या माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. आबा शिंकू लागला तो थांबेचना. पागोटं उडालं, बाज करकरली, डोळे मिरचीच्याच रंगाचे झाले. अभिमननं धावत जाऊन उरलेला मास्क आणला आणि त्याच्या तोंडावर बांधला. आबाला आराम पडला.

आणि लगेच शेडमधले पदर एकामागोमाग एक खाली सरकले.

"काय व्हयनं?" अभिमननं विचारलं.

सुनंदाबाई म्हणाली, "आबानीच पदर लिधा. आते आम्ही कसाले लेवानं?"

सासऱ्यानंच सुनांसमोर तोंड झाकल्यावर लाज राखायचं काम पुरं झालं होतं. आणि साहेब दुसऱ्याच दिवशी येणार होते.

साहेब आले. देवचंद देवरे त्यांचं नाव. वयानं तरुण, बुशशर्ट, हातात फाइल, चालणं झपाझप. शेडमध्ये शिरताच त्यांना एक शिंक आली आणि दुसरी त्यांनी रुमालात दाबली. पाहतात तर सगळ्या बायांची तोंडं उघडी, आणि मधोमध बाजेवर मास्क बांधून एक म्हातारा.

"मास्क लावलेला कामगार हा एकच का?" त्यांनी विचारलं.

"ते कामगार नाहीत, साहेब. ते माझे काका आहेत."

"मग इथे काय करतात?"

"बसतात," अभिमन म्हणाला. खोटं त्याला कधी जमलंच नव्हतं.

शेठजींनी मागून अभिमनकडे असं पाहिलं, की त्याच्या मायचा पथारीवरचा शेवटचा दिवस त्याला तिथेच दिसला. तेवढ्यात भिकुबाई खोकलीच. साहेब तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी पेन काढलं.

"आजी, खोकला किती दिवसांपासून आहे?"

आता आमच्या खानदेशी म्हातारीला तुम्ही प्रश्न विचारा, ती आधी तुमचं गाव विचारणार. गाव कळल्याशिवाय माणसाशी बोलायचं म्हणजे मीठ न घालता वरण खाण्यासारखं.

"तू कोन गावना रे, भाऊ?"

"साक्रीकडचा, आजी. खोकल्याचं सांगा ना."

"लगन व्हयनं का?"

"झालं. मागच्या माघात."

"सासरवाडी कोठली?"

साहेबांनी पेन खाली केलं. "कासारे."

"कासारानी कोनी पोर करी?"

"हिलाल आप्पांची," साहेब म्हणाले आणि थोडे लाजले. "धाकटी."

भिकुबाईच्या हातातली मिरची खाली पडली. हिलाल म्हणजे तिचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या धाकटीचं लग्न माघात, ऐन मिरचीच्या हंगामात निघालं होतं, म्हणून हिला जाता आलं नव्हतं. ज्या जावयाचं तोंड पाहायचं राहिलं होतं, तो पुढ्यात उकिडवा बसून तिला खोकल्याचं विचारत होता. आमच्याकडे सासू जावयासमोर उघड्या तोंडानं बसत नाही. म्हातारीनं झटक्यात पदर ओढला, कपाळावरून, नाकावरून, थेट हनुवटीपर्यंत. उबळ आली होती ती तशीच गिळली. पदराआडून हुकूम सुटला.

"अभिमन, जवाईले बठाले बाज दे. त्या निंबाले उठाड. आन तुम्ही बठ्ठ्या काय देखी ऱ्हायन्यात? मना जवाई तो तुम्हना जवाई नही का?"

पदरांची लाट घोळक्यावरून अशी गेली, की क्षणात शेडमध्ये एक नाक उघडं उरलं नाही. उठवलेल्या आबानंही भानावर येऊन मास्क नीट केला.

साहेब म्हणत होते, "आत्या, मी ड्युटीवर आहे." आत्या म्हणत होती, ड्युटी करा, पण जेऊन करा. घरून शेवेची भाजी आली, भाकरी आली, शेठजींच्या कपाटातून टोपी-उपरणं आणि नारळ निघाला. साहेबांनी जेवण चाखलं, टोपी घातली, आणि फाइलीत जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं, की सर्व महिला कामगारांचं नाक व तोंड दुहेरी कापडानं व्यवस्थित झाकलेलं आढळलं. शेठजी गदगदले. भिकुबाईला घरी बसवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पण साहेबांची एसटी वळणाआड जायच्या आत म्हातारीचा पदर खाली आला आणि खोकला वर आला. अभिमन मिरचीच्या पोत्यावर बसून राहिला. साहेब खूश, शेठ खूश, आणि जिच्यासाठी जीव तुटत होता ती जिथल्या तिथे. मग एकाएकी तो उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेला.

"माझा फोटो?" साहेब म्हणाले. "कशाला?"

"धोका आवरायला," अभिमन म्हणाला, आणि मायचं सगळं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मुकाट्यानं लग्नातला फोटो काढून दिला. सूट, बाशिंग, आणि चेहऱ्यावर घाबरल्याचा भाव. अभिमननं तो मोठा करून, काच लावून, शेडमध्ये भिकुबाईच्या जागेसमोर टांगला.

सकाळी म्हातारी आली आणि थबकली. "हाई कोनी लायं?"

सुनंदाबाई, जिचं मनगट अजून दुखत होतं, साळसूदपणे म्हणाली, "अक्का, जवाई देखी ऱ्हायनात."

सगळ्या पथारीसमोर केलेला हुकूम आता सगळ्या पथारीसमोरच म्हातारीच्या गळ्यात आला होता. तिनं फोटोकडे पाहिलं, अभिमनकडे त्याहून जास्त वेळ पाहिलं, आणि पदर ओढला. पाठोपाठ बाकीच्यांचेही आले. नुसत्या फोटोसमोर बोलायला हरकत नाही असा निवाडाही तिनंच दिला, त्यामुळे गप्पा सुरू राहिल्या. कलाबाईनं एकदा भाबडेपणानं फोटोला हार घातला, तेव्हा भिकुबाई पदराआडून कडाडली, "काढ तो हार. जवाई जित्ता शे मना."

चहाच्या वेळी मात्र अडचण झाली, पदराआडून चहा सांडायचा. त्यावर तोड निघाली. चहा आला की निंबाआबानं मास्क लावून यायचं आणि फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवायचा. आबाला तेवढं काम झेपण्यासारखं होतं.

हंगाम सरत आला. एक दिवस चहा झाला, पेले विसळले, आणि आबाला बाजेवरच झोप लागली. फोटो भिंतीकडे तोंड करून तसाच राहिला. कुणाच्या ध्यानात नव्हतं, किंवा कुणी ध्यानात आणून देत नव्हतं. अभिमन दारातून पाहत होता. त्यानं मनात म्हटलं, बघू काय होतं ते.

भिकुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, भिंतीशी गेली आणि फोटो सरळ केला. वळली तर दारात लेक.

"जवाईनी कितला येळ भीतकडे तोंड करी बठानं?" ती त्याच्यावरच डाफरली, नाकावरून पदर ओढला आणि जागेवर जाऊन मिरचीची डेठं खुडू लागली. अभिमन बराच वेळ तिथे उभा राहून कान देत होता. शेडमध्ये नुसता गलका चालला होता आणि त्यात मायचा आवाज सगळ्यांत वर होता, पण तिचा खोकला काही ऐकू आला नाही.